छोट्या ट्रकमालकांना गॅसच्या गाड्यांकडे वळवायचं, तर मदत नेमकी कशाला द्यावी?

हिशेबनीस

छोट्या ट्रकमालकांच्या कर्जाच्या फायली रोज माझ्या टेबलावरून जातात. हल्ली त्यांत सीएनजी आणि एलएनजीच्या गाड्यांची चौकशी वाढली आहे, आणि तिच्या मागोमाग येणारा प्रश्न ठरलेला: सरकारकडून काही मिळतं का? बऱ्याच देशांत मिळतं. खरेदीवर अनुदान, करात सूट, व्याजात सवलत. तरी गॅसच्या गाड्या दिसतात त्या मोठ्या ताफ्यांत. एक-दोन गाड्यांचा मालक चौकशी करून जातो आणि शेवटी जुनी डिझेल गाडीच उचलतो. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही, त्याचं गणित बरोबर असतं.

ते गणित मांडतो. गॅसची नवी गाडी तेवढ्याच ताकदीच्या डिझेल गाडीपेक्षा महाग पडते, आणि वरचा पैसा मुख्यतः टाक्यांत, नळ्यांत आणि व्हॉल्व्हांत जातो. तो वसूल व्हायचा इंधनाच्या बचतीतून. किती दिवसांत, ते ठरतं गाडी वर्षाला किती पळते, डिझेल आणि गॅसच्या भावात अंतर किती आणि ते अंतर टिकतं किती काळ यांवर. मोठा ताफा दोन चालक आलटून पालटून बसवतो आणि इंजिन थंड होऊ देत नाही. छोट्या मालकाची गाडी माल मिळेपर्यंत उभी. म्हणजे ज्याची वसुली सावकाश, त्यालाच व्याजही चढ्या दराने. अनुदानाने गाडीची किंमत तेवढी खाली येते, बाकी सगळं होतं तिथेच राहतं.

जर्मनीचं उदाहरण बघा. तिथे 2018 पासून सीएनजी ट्रकला 8,000 आणि एलएनजी ट्रकला 12,000 युरो अनुदान मिळू लागलं. 1 जानेवारी 2019 पासून गॅसच्या ट्रकना टोलही माफ झाला. टोलमाफी मला अनुदानापेक्षा हुशारीची वाटते. गाडी जितकी पळेल तितकाच फायदा, अनुदान घेऊन गाडी कोपऱ्यात लावणाऱ्याला काही नाही. लोकांनी गाड्या घेतल्या. मग 2022 उजाडलं, रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि ऑगस्टमध्ये युरोपातला गॅसचा घाऊक भाव मेगावॉट-तासाला 300 युरोच्या वर गेला. कित्येकांनी एलएनजीच्या गाड्या उभ्या केल्या आणि डिझेलच्या पुन्हा बाहेर काढल्या. 2023 संपलं तशी टोलमाफीही संपली. मोठ्या कंपनीने हा तोटा बाकीच्या गाड्यांवर पसरवला. ज्याच्या दारात एकच गाडी आणि तीही गॅसची, त्याने काय पसरवायचं?

खरेदीच्या दिवशी मदतीचा चेक वटतो आणि विषय संपतो. मालकाची जोखीम मात्र पुढची पाच-सात वर्षं चालू असते. मदत तिला मिळायला हवी असं माझं मत. कशी, यावर लिहा.

दोनगाड्या

व्याज, अनुदान ठीक आहे हो, पण सगळं अडतं ते भाड्यावर. माझ्या दोन डिझेलच्या गाड्या आहेत, तिसरी गॅसची घ्यावी म्हणून शोरूमपर्यंत जाऊन आलोय. माल देणारी पार्टी करार करते वर्षाचा, तोही महिन्याच्या नोटिशीवर मोडता येईल असा. हप्ते पाच वर्षांचे. उरलेली चार वर्षं देवाच्या भरवशावर.

आणि एक गोष्ट कोणी लिहीत नाही. भाड्याच्या करारात इंधनाचं कलम असतं. डिझेल चढलं की भाडं चढतं, डिझेल उतरलं की उतरतं. गाडी गॅसवर असली तरी कलम डिझेलचंच. डिझेल उतरलं आणि गॅस चढला तर भाडं कमी होणार आणि खर्च वाढणार, एकाच वेळी. शोरूमवाल्याला हे विचारलं तर तो मायलेजचा तक्ता पुढे करतो.

हिशेबनीस

हेच. या कलमामुळे डिझेल गाडीचा मालक बऱ्यापैकी सुरक्षित असतो, आणि गॅसवाला नकळत दोन बाजारांवर सट्टा खेळत असतो. कर्ज देणाऱ्याच्या लक्षातही ते येत नाही, कारण फायलीत कराराचं फक्त पहिलं पान जोडलेलं असतं.

मायलेजच्या तक्त्यावरून आठवलं. पंपावर गॅस किलोने आणि डिझेल लिटरने मिळतं, आणि लोक दोन्ही भाव शेजारी ठेवून तुलना करतात. एक किलो गॅसमधली उष्णता साधारण 1.3 लिटर डिझेलइतकी असते. पण ठिणगीवर चालणारं गॅस इंजिन डिझेल इंजिनापेक्षा कमी कार्यक्षम, त्यामुळे चाकापर्यंत पोचणारं काम धरलं तर एक किलो गॅस म्हणजे 1.1 ते 1.2 लिटर डिझेल. विक्रेता पहिला आकडा सांगतो. हप्ता दुसऱ्या आकड्यातून फेडायचा असतो.

नवशिका

अगदी प्राथमिक प्रश्न. सीएनजी आणि एलएनजी या एकाच गॅसच्या दोन तऱ्हा का? छोट्या मालकाला कोणती बरी?

रिंगपाना

गॅस तोच, मुख्यतः मिथेन. सीएनजी म्हणजे 200 ते 250 बार दाबाने सिलिंडरमध्ये कोंबलेला. एलएनजी म्हणजे उणे 162 अंशांपर्यंत गार करून द्रव केलेला, त्यात आकारमान सुमारे सहाशेपट घटतं. डिझेलच्या टाकीइतकीच ऊर्जा न्यायची तर एलएनजीला साधारण पावणेदोनपट जागा लागते आणि सीएनजीला चौपट. म्हणून लांबच्या फेऱ्यांना एलएनजी, आणि रोज संध्याकाळी त्याच अड्ड्यावर परतणाऱ्या गाडीला सीएनजी.

पण छोट्या मालकासाठी खरी अडचण तक्त्यात दिसत नाही. एलएनजीची टाकी थर्मास असते. कितीही चांगली असली तरी बाहेरची उष्णता थोडी थोडी आत शिरतेच, द्रवाची वाफ होते, दाब चढतो. गाडी पळत असेल तर इंजिन ती वाफ खाऊन टाकतं. गाडी उभी राहिली तर साधारण आठवड्याभरात दाब इतका चढतो की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पैसे भरून घेतलेला गॅस हवेत जातो. टाकी जुनी किंवा तिची निर्वात पोकळी खराब असेल तर त्याच्याही आधी. ज्याच्या गाडीला रोज माल आहे त्याला याने काही होत नाही. दोनगाड्यांसारख्याला मंदीच्या महिन्यात होतं. सीएनजीचं हे झंझट नाही, सिलिंडर बंद केला की गॅस महिनोन् महिने तिथेच.

सीएनजीची खोट वजनाची. पोलादी सिलिंडर जड, आणि तितका माल कमी भरावा लागतो. संपूर्ण कंपोझिटचे, म्हणजे धागे आणि राळेचे, सिलिंडर हलके पण महाग. काही देशांनी हे ओळखलं: अमेरिकेत 2015 च्या कायद्याने गॅसच्या ट्रकना 2,000 पौंड (सुमारे 900 किलो) जादा वजनाची मुभा मिळाली, युरोपात त्याच वर्षी पर्यायी इंधनाच्या गाड्यांना एक टनापर्यंत. सरकारच्या तिजोरीतून यात पैसाही जात नाही. टनावर भाडं मिळवणाऱ्याला याचा अर्थ लगेच कळतो.

वातकुक्कुट

थोडा मिठाचा खडा टाकतो. सगळे ‘स्वच्छ’ हे गृहीत धरून चालले आहेत. ते तपासू.

एक किलो मिथेन जाळला की 2.75 किलो कार्बन डायऑक्साइड. तेवढ्याच उष्णतेसाठी डिझेल जाळलं असतं तर यापेक्षा बरंच जास्त. गॅसचा वाटा सुमारे 25 टक्क्यांनी कमी भरतो. हा आकडा जाहिरातीत असतो. आता हिशेबनीसांनी वर सांगितलेली कार्यक्षमतेची घट लावा, म्हणजे 25 चे होतात 10 ते 17. आता गळती. मिथेन स्वतः हरितगृह वायू आहे; आयपीसी म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या सहाव्या अहवालाप्रमाणे जीवाश्म मिथेनचा परिणाम शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास 30 पट, वीस वर्षांच्या हिशेबाने 80 पटींहून जास्त. विहिरीपासून धुराड्यापर्यंत फक्त 1 टक्का गॅस निसटला असं धरा. किलोमागे 10 ग्रॅम. 30 ने गुणा, 300 ग्रॅम. म्हणजे 2.75 किलोवर सुमारे 11 टक्के वाढ. राहिलेला फायदा जवळजवळ गेला. वीस वर्षांचा हिशेब घेतलात तर वाढ 30 टक्के, म्हणजे डिझेलपेक्षा वाईट.

रिंगपानांनी सांगितलेला तो आठवड्याने उघडणारा व्हॉल्व्ह या हिशेबात धरून बघा.

रिंगपाना

आकड्यांशी भांडण नाही. पण रस्त्याकडेला राहणाऱ्याच्या फुप्फुसात कार्बन डायऑक्साइड त्रास देत नाही, काजळी आणि नायट्रोजन ऑक्साइड देतात. तिथे गॅस इंजिन खरोखर चांगलं आहे. कमिन्सचं 8.9 लिटरचं गॅस इंजिन 2015 मध्ये अमेरिकेत नायट्रोजन ऑक्साइडच्या 0.02 ग्रॅम पातळीला प्रमाणित झालं, तेव्हाचं मानक होतं 0.20. दहावा हिस्सा. तेही धूर शुद्ध करणाऱ्या साध्या थ्री-वे कॅटॅलिस्टवर, पेट्रोल मोटारीला असतो तसाच. ना काजळीचा फिल्टर, ना युरियाची टाकी.

वातकुक्कुट

मान्य. पण कशाच्या तुलनेत? युरोपच्या युरो 6 या धुराच्या मानकाची नवी डिझेल गाडीही काजळीत फार खाली आलेली आहे. वीस वर्षांचा काळा धूर ओकणारा ट्रक काढून गॅसचा आणला तर फरक प्रचंड. नवा डिझेल न घेता नवा गॅस घेतला तर फरक थोडका. बहुतेक अनुदानं दुसऱ्या प्रकारालाही तेवढेच पैसे देतात.

हिशेबनीस

आणि वीस वर्षांचा ट्रक कोणाकडे असतो? छोट्याकडेच, कारण गाड्या खाली झिरपतात: नवी मोठ्या ताफ्यात, पाच-सहा वर्षांनी मधल्याकडे, मग एकट्या मालकाकडे. तेव्हा जुनी गाडी मोडीत काढल्याचा दाखला असेल तरच मदत, ही अट घातली तर पैसा आपोआप खालच्या पायरीवर पोचतो. फक्त मोडीची किंमत बाजारात ती गाडी जितक्याला विकली जाईल तितकी तरी द्यावी लागेल, नाहीतर दाखला दुसऱ्याच गाडीचा येतो. अशा फायली बघितल्या आहेत.

धक्क्यावरून

बंदरातल्या गाड्यांचं थोडं लिहितो. या विषयावर अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या बंदरांइतका मोठा धडा दुसरीकडे मिळणार नाही.

या दोन बंदरांनी 1 ऑक्टोबर 2008 पासून जुन्या ट्रकना टप्प्याटप्प्याने बंदी घातली. आधी 1989 च्या आधीचे बाहेर, आणि 2012 उजाडेपर्यंत अमेरिकेच्या 2007 च्या धुराच्या मानकात न बसणारे सगळेच बाहेर. पैसा उभा करायला वीस फुटी कंटेनरमागे 35 डॉलर शुल्क लावलं. एलएनजीच्या ट्रकना मदत मिळाली. हवा सुधारली, आणि झपाट्याने सुधारली. इथवर कौतुकच.

आता त्या ट्रकचे चालक कोण होते ते बघा. बहुतेक एका गाडीचे मालक-चालक, कागदोपत्री स्वतंत्र धंदेवाले. नवी गाडी त्यांच्या ऐपतीबाहेर. मग वाहतूक कंपन्यांनी नवे ट्रक घेतले आणि त्याच चालकांना ‘चालवा, हप्ते फेडा, शेवटी तुमची’ अशा करारांवर दिले. हप्ता, विमा, इंधन, दुरुस्ती सगळं आठवड्याच्या कमाईतून कापून. काही चालकांच्या हातात आठवड्याअखेर काहीच येत नसे, उलट देणंच निघे. काम सोडलं तर गाडीही गेली आणि भरलेले हप्तेही गेले. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, 2017 मध्ये अमेरिकेत वर्तमानपत्रांतून हे सगळं तपशिलाने छापून आलं.

शुल्क मालाच्या मालकावर होतं, म्हणजे हेतू सरळ होता. पण गाडी कोणाच्या नावावर आणि काम सुटलं तर तिचं काय, यावर चालकाला आधार देणारा नियम टिकला नाही. पैसा वरून ओतला, तो कंपनीच्या पातळीवर अडला, आणि कर्ज तेवढं खाली उतरलं.

दोनगाड्या

वाचून अंगावर काटा आला. हप्ते आपले, गाडी त्यांची.

लांबचा_पल्ला

मी पलीकडच्या बाजूला बसतो, कारखान्याचा माल कोणाच्या गाडीने जायचा ते ठरवणाऱ्यांत. दोनगाड्या म्हणतात ते इंधनाचं कलम बदलणं अवघड अजिबात नाही. गॅसच्या गाड्यांसाठी गॅसचा भाव धरून वेगळं कलम लिहिता येतं, पायाभूत भाव आणि तो बदलला की किती टक्के, एवढंच. अवघड आहे ते खरेदी खात्याला पटवणं. त्यांचं कौतुक होतं भाडं खाली आणलं की. तीन वर्षांचा करार म्हटलं की त्यांना हात बांधल्यासारखं वाटतं.

पण आता एक पकड मिळाली आहे. कंपन्या वार्षिक अहवालात उत्सर्जनाचे आकडे देतात, त्यात बाहेरच्या ट्रकने वाहिलेल्या मालाचा धूरही ‘स्कोप 3’ या सदरात धरला जातो. तो कमी झाला असं छापायचं असेल तर ट्रकमालकाला काहीतरी द्यायला हवं, आणि त्याला सगळ्यात उपयोगी काय तर कर्जाच्या मुदतीइतका करार. अनुदानापेक्षा मला हा कागद जास्त मोलाचा वाटतो. बँकेलाही वाटेल, हिशेबनीस सांगतीलच.

हिशेबनीस

वाटेलच. तीन वर्षांचं हमीचं काम आणि महिन्याला किमान इतके किलोमीटर असा कागद आणलात, तर व्याजदरावर घासाघीस करता येते. तो नसेल तर बँक गाडीच्या विक्रीमूल्याकडे बघते, आणि जुन्या गॅसच्या गाडीला गिऱ्हाईक कोण हा प्रश्न उभा राहतो. डिझेलची जुनी गाडी कुठेही विकली जाते. गॅसची विकली जाते तिथेच, जिथे पंप आहे.

गाडी बनवणाऱ्याने पाच वर्षांनी ठरलेल्या किमतीला परत घेण्याची हमी दिली तर यातली अर्धी भीती जाते. मोठ्या गिऱ्हाइकांना ते अशी हमी देतात. एक गाडी घेणाऱ्याला विचारत नाहीत. सरकारने अनुदान देताना बनवणाऱ्याला ही अट घालावी.

नवशिका

जुन्या डिझेल ट्रकलाच गॅसचं किट बसवलं तर? स्वस्तात काम होईल ना?

रिंगपाना

इथे जरा सविस्तर लिहितो, कारण छोट्या मालकाच्या गळ्यात हेच मारलं जातं.

किट दोन जातींची. एकात डिझेल इंजिन पूर्ण बदलून ठिणगीवर नेतात: पिस्टन, हेड, प्लग सगळं. नीट केलं तर खर्च बराच, नीट नाही केलं तर व्हॉल्व्ह जळतात. दुसरी जात दुहेरी इंधनाची: इंजिन डिझेलचंच, हवेसोबत गॅस सोडायचा आणि थोड्या डिझेलने तो पेटवायचा. अर्ध्याच्या आसपास डिझेल वाचतं, गॅस नसेल तर पूर्ण डिझेलवर चालतं. ऐकायला झकास. पण हवेत मिसळलेला सगळा गॅस जळत नाही, सिलिंडरच्या कडांना आणि कमी लोडवर बराचसा तसाच बाहेर जातो. ब्रिटनमध्ये 2012 पासून सरकारी पैशाने अशा ट्रकची मोठी चाचणी झाली. त्यात न जळलेला मिथेन इतका निघाला की हवामानाचा फायदा पुसला गेला. वातकुक्कुटांचा 1 टक्का इथे कुठल्या कुठे मागे राहतो. वर गाडीची वॉरंटी जाते ते वेगळंच.

व्होल्वोने 2017 मध्ये आणलेली एलएनजी गाडीही थोडं डिझेल पेटवणीला वापरते, पण तिथे गॅस हवेत आधी मिसळत नाही, उच्च दाबाने थेट ज्वलनकक्षात सोडतात. म्हणून कार्यक्षमता डिझेलसारखी राहते आणि निसटणंही कमी. कारखान्यातून आलेलं तंत्र आणि गल्लीत बसवलेलं किट या दोघांना एकाच नावाने ओळखतात.

बाकी देखभालीचं सांगायचं तर डिझेलवाल्याच्या सवयी इथे चालत नाहीत. महागडे इंजेक्टर, युरिया, काजळीचा फिल्टर यांची कटकट गेली, त्याबदली स्पार्क प्लग आणि कॉइल आले. डिझेलवाला गाडी थोडी अडखळली तरी ‘चालतेय ना’ म्हणून दामटतो. गॅसच्या गाडीत एक सिलिंडर पेटत नसेल तर कच्चा गॅस कॅटॅलिस्टमध्ये जाऊन तिथे जळतो, तो लाल होतो आणि वितळतो. प्लगच्या पैशांत कॅटॅलिस्ट येत नाही. तेलही गॅस इंजिनाचंच, कमी राखेचं लागतं. डिझेलचं उरलंय म्हणून ओतू नये.

गॅरेज हा आणखी एक विषय. मिथेन हवेपेक्षा हलका, गळला की छताशी साठतो. छताला वायुवीजन नसेल आणि वर साधे दिवे, तर वेल्डिंगचा शेड बॉम्ब व्हायला वेळ लागत नाही. सीएनजीला वास घातलेला असतो, नाक सांगतं. एलएनजीला वास घालता येत नाही, इतक्या थंडीत वासाचं रसायन गोठतं. तिथे सेन्सर लागतोच. मोठ्या ताफ्याची स्वतःची वर्कशॉप असते, ते हे सगळं करून घेतात. छोटा मालक ज्या मेकॅनिककडे जातो त्याच्याकडे छताला पत्रा आणि हातात पाना. मदतीच्या पैशांतला थोडा भाग या मेकॅनिकांच्या प्रशिक्षणाला आणि सेन्सरला गेला तर एकेका गॅरेजमागे कित्येक गाड्यांचं भलं होईल. कुठल्या योजनेत हे कलम ठळकपणे असलेलं मी तरी वाचलं नाही.

धक्क्यावरून

+१. मेकॅनिकचा मुद्दा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित.

लांबचा_पल्ला

पंपाचंही कोणी काढलं नाही अजून. दिल्लीत बस सीएनजीवर नेण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश जुलै 1998 चा, मुदत 31 मार्च 2001 ची, प्रत्यक्षात काम पुरं झालं डिसेंबर 2002 मध्ये. मधल्या काळात गाड्या आल्या पण गॅस आणि पंप पुरेसे नव्हते, रांगाच रांगा. पाकिस्तानात उलटं झालं: सीएनजीवर वीस लाखांहून जास्त गाड्या गेल्या, जगात आघाडीवर, आणि मग देशातला गॅसच पुरेना, तेव्हा पंप आठवड्यातले काही दिवस बंद ठेवायची वेळ आली. त्या बहुतेक मोटारी होत्या, पेट्रोलवर परत जाता आलं. पूर्ण गॅसच्या ट्रकला परत जायला वाट नसते.

दोनगाड्या

रांगेचं मोल कोण धरतं? पंपावर दोन तास गेले की फेरी हुकते, आणि माल उतरवायची वेळ चुकली की दंड आमच्याच बिलातून.

हिशेबनीस

आता माझा प्रस्ताव, मोडतोड करायला मोकळे आहात.

एका पट्ट्यातले छोटे मालक एकत्र येऊन पंपवाल्याला महिन्याच्या किमान उचलीची लेखी हमी देतात. बदल्यात पंपवाला गॅसचा भाव डिझेलशी बांधून देतो: डिझेल जिथे असेल त्याच्या ठरावीक टक्के खाली, पाच वर्षं. मग दोनगाड्यांचं इंधनाचं कलम आपोआप बरोबर लागू पडतं. डिझेल उतरलं, भाडं उतरलं, तर गॅसही उतरला. राहिली पंपवाल्याची जोखीम, कारण त्याला गॅस बाजारभावानेच घ्यावा लागतो. तिथे सरकारी निधी उभा करायचा. ठरलेलं अंतर तुटलं तर फरक निधी भरेल, आणि गॅस फार स्वस्त झाला तर जादा नफा निधीत जमा होईल.

चीनकडे बघा. 2023 मध्ये तिथे दीड लाखाच्या आसपास एलएनजीचे अवजड ट्रक विकले गेले, आदल्या वर्षाच्या कित्येक पट. त्या वर्षी अचानक कोणी पर्यावरणप्रेमी झालं नाही. एलएनजी डिझेलच्या मानाने स्वस्त झाला, एवढंच. अंतर दिसलं की छोटा मालक आपण होऊन येतो, त्याला समजावावं लागत नाही.

लांबचा_पल्ला

कल्पना चांगली, पण 2022 सारखं वर्ष आलं तर तुमचा निधी दोन महिन्यांत कोरडा पडेल. कमाल मर्यादा घालावी लागेल, आणि मर्यादेपलीकडे मालक पुन्हा उघड्यावर.

हिशेबनीस

मर्यादा हवीच. पण मर्यादा ओलांडली गेली तर हप्त्यांना आपोआप सहा महिन्यांची स्थगिती, असं कर्जाच्या करारातच लिहून ठेवता येतं. संकट आल्यावर अर्ज, शिफारस, बैठक यांत सहा महिने जातात, तोवर गाडी ओढून नेलेली असते.

वातकुक्कुट

माझा विरोध वेगळा आहे. तुम्ही सरकारचा पैसा पाच-सात वर्षं जीवाश्म इंधनाच्या भावाला बांधताय. दरम्यान युरोपीय संघाने 2024 मध्ये अवजड गाड्यांचे नियम कडक केले: नव्या ट्रकचं सरासरी उत्सर्जन 2030 पर्यंत 45 टक्के, 2035 पर्यंत 65 आणि 2040 पर्यंत 90 टक्के कमी. मोजणी धुराड्याशी. गॅस त्यात बसत नाही, बनवणारे विजेकडे वळणारच. मग छोट्या मालकाला सुट्या भागांचीही मारामार होईल. याला मदत म्हणायचं?

लांबचा_पल्ला

शेणापासून, सांडपाण्यापासून, ओल्या कचऱ्यापासून बनवलेला बायोमिथेन त्याच गाडीत त्याच टाकीत चालतो, इंजिनात काहीही न बदलता. तो गॅस नाहीतरी कुजताना हवेतच गेला असता. गाडी तीच ठेवून इंधन स्वच्छ करायची सोय डिझेलमध्ये इतकी सहज नाही. धुराड्याशी मोजलं तर बायोमिथेनचं श्रेय दिसत नाही हे खरं, पण ती मोजणीची पद्धत झाली.

वातकुक्कुट

बायोमिथेन चांगलाच. पण तो आहे किती? सगळ्या ट्रकना पुरणार नाही. आणि बायोमिथेनच्या नावाने गाडी विकायची आणि पंपावर विहिरीतला गॅस भरायचा, हे सर्रास होतं. निधी द्यायचाच तर पंपाच्या गॅसमध्ये बायोमिथेनचा वाटा दर वर्षी वाढता असावा, नसेल तर निधी बंद.

दोनगाड्या

विजेचा लांब पल्ल्याचा ट्रक माझ्या दोन्ही गाड्या विकूनही येत नाही, वातकुक्कुट. माझ्या पुढे आज दोनच वाटा आहेत, जुनी डिझेल किंवा गॅस. तुम्ही म्हणाल थांबा. थांबतो, पण जुन्या डिझेलवर.

वातकुक्कुट

हे मात्र मला खोडता येत नाही. फक्त एवढंच करा, कर्जाची मुदत पाच वर्षांपुढे नेऊ नका आणि एलएनजीच्या मागे लागू नका.

दोनगाड्या

सीएनजीचाच विचार आहे, फेऱ्या जवळच्याच आहेत. नवी परवडत नाही, चार-पाच वर्षं वापरलेली बघतोय. रिंगपाना, काय काय तपासायचं?

रिंगपाना

आधी इंजिन सोडा, सिलिंडर बघा. प्रत्येकावर बनवल्याची तारीख आणि आयुष्य संपण्याची तारीख कोरलेली किंवा चिकटवलेली असते, सहसा पंधरा ते वीस वर्षांची. ठरावीक काळाने करायच्या तपासणीचे दाखले मागा. एक जरी गहाळ असेल तर नव्याने तपासणीचा खर्च किमतीतून कापून घ्या. कंपोझिटच्या सिलिंडरवर खोल चरा, उकललेले धागे किंवा जळल्याची खूण दिसली तर ती गाडी सोडून द्या, वरून रंग मारलेला असेल तर आणखी संशय घ्या. अपघाताची किंवा आगीची नोंद आहे का ते विमा कंपनीकडून काढा.

मग साबणाच्या पाण्याने सगळे सांधे. फुगे आले की कुठे गळतंय ते कळतं.

इंजिन गरम करून लोडवर चालवा, रिकामी गाडी सगळ्यांचीच छान पळते. चढावर अडखळली तर प्लग किंवा कॉइल, ते स्वस्त आहे. कॅटॅलिस्ट मात्र काढून आतून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि मालकाला विचारा तेल कोणतं घालत होता. पाच सेकंदांत उत्तर आलं नाही तर व्हॉल्व्हचं क्लिअरन्स मोजून घ्या.

दोनगाड्या

आभारी आहे. सिलिंडरची टेस्ट-प्लेट चासीच्या आतल्या बाजूला असते का? बघितलेल्या गाडीत सापडली नाही.

रिंगपाना

काही गाड्यांत भरायच्या नोझलच्या झाकणामागे तिची नक्कल असते. तिथेही नसेल तर सिलिंडरवरचं कव्हर उतरवायला सांगा. तो नाही म्हणाला तर दुसरी गाडी बघा.